एकशे सत्त्याऐंशी गुलाब आणि एक सही

रविवार, २८ एप्रिल, सकाळचे साडेदहा. ठिकाण आमच्या घराची पुढची खोली, नांदेड. वादातली रक्कम तीन हजार सहाशे रुपये. वादातला माल वाळवलेले गुलाब, एकशे सत्त्याऐंशी नग. हजर मंडळी अशी: मुलाचे वडील गोविंदराव, नांदेडात हार्डवेअरचं दुकान, मुलगा तुषार, मुलीचे वडील माणिकराव, लातूरला एका डाळमिलमध्ये मुनीम, मुलगी ऋतुजा, मध्यस्थ म्हणून दोन्हीकडच्या ओळखीचे एक निवृत्त हेडमास्तर, घरमालक या नात्याने मी, आणि चहा करायला माझी बायको मंगल.

या मुलाचं आणि मुलीचं चौदा महिन्यांपूर्वी एकमेकांशी लग्न झालं होतं. आता ते मोडायचं होतं. लग्न मोडायला माणसं वकिलाकडे जातात. ही मंडळी माझ्याकडे का आली, ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल.

मी फुलं वाळवतो. घरी. त्याआधी एकवीस वर्षं एका जिनिंग मिलमध्ये स्टोअरकीपर होतो. मिल बंद झाली, तेव्हा मालकांनी मला शाल आणि नारळ दिला, आणि थकलेल्या पगाराबद्दल पुढे बघू म्हणाले. ते अजून पुढेच बघतायत. मंगल शाळेत शिक्षिका, त्यामुळे चूल पेटती राहिली. मी घरात बसून काय करणार, म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हा उद्योग सुरू केला. त्याला आता नऊ वर्षं झाली. नातेवाइकांना अजून वाटतं की मी आजारी आहे.

आपल्याकडे वाळलेल्या फुलाला एकच नाव आहे, निर्माल्य. ते गोदावरीत सोडायचं असतं, काचेत घालून भिंतीवर लावायचं नसतं. त्यामुळे पहिल्या वर्षी गल्लीत बातमी पसरली की अमक्याच्या घरी निर्माल्य जमा करतात. समोरच्या काकू रोज सकाळी देवावरची शिळी फुलं पिशवीत भरून आमच्या फाटकाला अडकवून जायच्या. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "असू द्या हो भाऊजी, तुम्हाला लागतातच की. आम्हाला नदीपर्यंत जाणं होत न्हाई." पाच महिने मी त्यांचं निर्माल्य स्वखर्चाने नदीवर पोचवलं. त्याची नोंद आहे.

काम साधं आहे. फुलातलं पाणी काढायचं आणि आकार ठेवायचा. करडईची काटेरी बोंडं, कोंबड्याचे लाल तुरे, ज्वारीची कणसं, यांना काही लागत नाही. जुड्या बांधून अंधाऱ्या खोलीत दोरीवर उलट्या टांगल्या की झालं. गुलाब मात्र रेतीत वाळवावा लागतो. रेती बारीक चाळायची, सात पाण्यांतून धुवायची, कढईत भाजायची. पत्र्याच्या डब्यात फूल तोंड वर करून ठेवायचं आणि चमच्याने पाकळी-पाकळीच्या मधे रेती सोडत जायची. घाई केली तर पाकळी दबते, आणि दबलेली पाकळी दबलेलीच वाळते. झाकण लावायचं आणि बारा दिवस हात लावायचा नाही. आमच्या उन्हाळ्यात सात दिवसही पुरतात. मराठवाड्याला पाणी देताना कुणी हात आखडला असेल, पण वाळवण्याची सोय सढळ हाताने दिलेली आहे. ती वापरणारा मी एकटाच दिसतो.

रंगाचं मी आधीच सांगतो. लाल गुलाब काळपट होतो, पांढरा चहाच्या रंगाचा होतो, गुलाबी तर त्या दिवशी जो होईल तो. निशिगंध वाळतच नाही, सडतो. हे सगळं पावतीच्या मागे छापलेलं आहे. पावतीची मागची बाजू नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने वाचलेली नाही.

एकदा एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने सत्काराचा हार आणला होता. झेंडूचा, क्रेनने घातलेला. वजन त्याने स्वतःच करून आणलं होतं, चाळीस किलो. तीन आठवड्यांनी मी त्याला सहा किलोची पोती परत दिली. त्याने काट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"चाळीस दिले होते."

"हो."

"हे सहा हायेत. चौतीस किलो कुठं गेलं?"

"ते पाणी होतं."

"कुठं गेलं पाणी?"

"वर."

त्याने वर बघितलं. मग म्हणाला, "साहेबांच्या हारात पाणी न्हवतं. झेंडू होता." चौतीस किलो झेंडू खाणारा माणूस म्हणून एका पक्षाच्या कार्यालयात माझं नाव आजही घेतात.

तर लग्नाचे हार. सध्या ही फॅशन आहे. लग्नात एकमेकांच्या गळ्यात घातलेले हार वाळवून, काचेच्या पेटीत बसवून दिवाणखान्यात लावायचे. लोक माझ्याकडे हार आणतात ते तिसऱ्या दिवशी. तोवर त्यांच्यावर अक्षता, हळद, अत्तर, घाम आणि दीडशे नातेवाइकांच्या मिठ्या झालेल्या असतात. हार अख्खा वाळत नाही. आधी तो सोडायचा, दोरा आणि मणी बाजूला, फुलं मोकळी करून मोजायची, सडकी काढायची, उरलेली वाळवायची, आणि मग पुन्हा गुंफायची. ही रीत नीट लक्षात ठेवा. सगळा घोळ तिच्यातच झाला.

तुषार आणि ऋतुजा लग्नानंतर तिसऱ्या दिवशी आले होते. गाडी नवी, तिच्यावर नावं अजून चिकटवलेली. तुषारने दोन हार टेबलावर ठेवले आणि विचारलं, "गॅरंटी किती?" ऋतुजाने विचारलं, "काका, हे सोडावे लागतात का?" मी म्हणालो, "सोडल्याशिवाय वाळत नाहीत." ती म्हणाली, "बरं." त्या दोघांचं आपसातलं बोलणं त्या अर्ध्या तासात एकच ऐकू आलं, आणि ते गाडीच्या किल्लीबद्दल होतं. मला ते तेव्हाच दिसलं होतं. पण फुलं तपासणं माझं काम, जोडपी तपासणं नाही.

पावती फाडली. हार नग दोन, पेटीसह नऊ हजार, आगाऊ तीन हजार तुषारने मोबाइलवरून दिले. फुलं मोजली. गुलाब दोनशे आठ, पैकी सडलेले एकवीस, उरले एकशे सत्त्याऐंशी. निशिगंध फेकला, तशी नोंद केली. आणि मग ती चूक केली. मिलमध्ये माझा नियम होता, दोन धनी असतील तर दोन चिठ्ठ्या. एका पोत्यात दोघांचा माल कधी नाही. पण इथे मी म्हटलं, नवरा-बायको आहेत, एकच खातं. दोन्ही हार सारखेच, गुलाबही सारखेच. मी सगळे एकत्र केले, आकाराप्रमाणे लावले आणि एकच चिठ्ठी लावून सहा डब्यांत वाळवले.

पंधरा दिवसांनी फोन केला, फुलं तयार आहेत, पेटी कसली करू, सागवानी की साधी? तुषार म्हणाला, "कळवतो." असे मी सहा फोन केले, सहाही वेळा त्याने कळवतो म्हणून सांगितलं. दरम्यान दीड महिन्यातच मुलगी लातूरला परत गेली होती, हे मला दुसऱ्यांकडून कळलं. का गेली, ते मी विचारलं नाही. लोकांनी न विचारता चार कारणं सांगितली. चारही वेगळी होती.

आता त्या रविवाराकडे येतो. दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं होतं. अर्जाचा कागद हेडमास्तरांच्या पिशवीत तयार होता. मंगळवारी तो कोर्टात द्यायचा, कारण पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. ऋतुजाला पुण्यात नोकरी लागली होती, जूनला हजर व्हायचं होतं. तिचं अकरा तोळे सोनं गोविंदरावांच्या लॉकरमध्ये होतं आणि ते मंगळवारी कोर्टाच्या पायरीवर परत मिळणार होतं, सही झाली तर. तुषारची सही म्हणजे गोविंदरावांची मान हलणं. आणि गोविंदरावांची मान गेले तीन महिने हलत नव्हती. आधी ते मानपानाच्या साड्यांवर अडले. मग मिक्सरवर. मग एका कुकरच्या झाकणावर. सगळं मिटलं, तेव्हा त्यांना आठवलं की हार वाळवायला दिलेत.

"मधे काही ठेवायचं न्हाई," गोविंदराव सोफ्यावर बसता बसताच म्हणाले. "आमचं आम्हाला, त्यांचं त्यांना. हार आमचे. दोन्ही आमचे. हैदराबादहून मागवले होते, अकरा हजाराचे."

माणिकराव मुनीम माणूस. शांतपणे म्हणाले, "इवाई, लग्न नांदेडला झालं तुमच्या हट्टानं, खर्च झाला आमचा. हार तेवढे तुम्ही आणले, हे खरं. पण मुलाच्या गळ्यातला हार माझ्या मुलीनं घातला. तो तिच्या हातचा. तो तुमचा आणि मुलीच्या गळ्यातला तिचा, की उलटं?"

हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नाही. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही असं करा, दोन्ही हार वेगवेगळे समोर ठेवा. मग बघू."

मी आत गेलो, सहा डबे आणले, टेबलावर पांढरं धोतर पसरलं आणि मंगलला म्हणालो, "पंखा बंद कर."

"बेचाळीस डिग्री आहे," ती म्हणाली.

"फुलं उडतील."

पंखा बंद झाला. वाळलेल्या फुलाला वजन नसतं. ज्यांनी कुकरच्या झाकणासाठी तीन आठवडे घालवले, त्यांना हे कळणं अवघड होतं, पण दोन मिनिटांत घामाने सगळ्यांनाच कळलं. मी डबे उघडले आणि सांगितलं, "हार वेगळे नाहीत. फुलं एकत्र वाळवलीत. कोणतं कोणत्या हारातलं, मला सांगता येणार नाही. चूक माझी आहे."

गोविंदरावांना एवढा आनंद झालेला मी त्या दिवशी एकदाच बघितला. "म्हणजे आमचा माल तुम्ही मिसळला?"

"हो."

"आन् एकवीस फुलं कमी कशी?"

"सडली होती. पावतीच्या मागे लिहिलंय."

"सडलेली परत दिली का?"

"चौदा महिन्यांपूर्वीची सडलेली फुलं?"

"नियम म्हणून विचारून राहिलो."

मंगल दारातून म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी ती पण डब्यात ठेवत जा." मग ती चहा टाकायला गेली. तुषार मोबाइलवर काहीतरी बघत होता. ऋतुजा खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती आणि फुलांकडे बघत होती. सगळ्यांत कमी बोलत होती तीच, आणि त्या खोलीतली सही सगळ्यांत जास्त तिलाच हवी होती.

हेडमास्तर म्हणाले, "कुणीतरी ओळखू शकेल का, कोणतं फूल कोणत्या हाराचं?"

मी म्हणालो, "ज्याने हार गुंफले, तो."

"हैदराबादवरून बोलवायचं का आता?" गोविंदराव हसले.

"नाही. स्कूटरवर येईल. वीस मिनिटं."

इथे थोडं स्पष्ट करतो. हार सोडताना मी आधी गाठ बघतो. प्रत्येक हारवाल्याची गाठ वेगळी असते. या दोन्ही हारांच्या शेवटच्या गाठीत हिरवी लोकर होती, आणि हिरवी लोकर नांदेडच्या फुलबाजारात एकच माणूस वापरतो, हमीदभाई. त्यांच्या वडिलांपासून ते तिथे बसतात. मिलच्या दसऱ्याच्या पूजेचे हार मी त्यांच्याकडूनच घ्यायचो, म्हणून ते मला अजून इस्टोरसाब म्हणतात. हे मला चौदा महिन्यांपूर्वीच माहीत होतं. पण गिऱ्हाइकाने हैदराबाद म्हटलं की आपण हैदराबाद म्हणायचं, धंद्यात तेवढं चालतं.

हमीदभाई आले. दारात चप्पल काढली, धोतरावरची फुलं बघितली आणि म्हणाले, "सुभानल्ला, इस्टोरसाब. काय वाळवलेत! पाकळी न पाकळी जाग्यावर हाय."

"हमीदभाई, हे तुमचेच गुलाब ना?"

त्यांनी एक उचलून देठ बघितला. "माझेच. लोह्याकडच्या पॉलिहाऊसचे. देठ मीच तिरका कापतो, बघा."

"मुलाच्या हारातलं कोणतं आणि मुलीच्या हारातलं कोणतं, सांगता येईल?"

हमीदभाईंनी आधी मुलाकडे, मग मुलीकडे, मग फुलांकडे बघितलं. "साब, खोटं कायकू बोलू? दोन्ही हार मी एकाच पाटीतले गुलाब घेऊन गुंफले. गुंफायच्या आधीच एक होते. कुणी वेगळं करून दाखवलं तर तो लई मोठा माणूस."

हेडमास्तर म्हणाले, "आणि किंमत? अकरा हजार म्हणतायत."

"अकरा..." हमीदभाईंनी गोविंदरावांकडे बघितलं आणि आदराने हात जोडले. "शेठ, सलाम. जोडी बावीसशेची होती. अकराशे एक. आन् माफ करा, त्यातले सातशे अजून यायचेत. तुमच्या दुकानात तीनदा येऊन गेलो, तुम्ही गल्ल्यावर न्हवते."

मंगलने त्याच वेळी चहा आणला, ही तिची खासियत आहे. गोविंदरावांनी खिशातून पाचशेची एक आणि शंभराच्या दोन नोटा काढल्या, हमीदभाईंच्या हातात ठेवल्या आणि पावती मागितली. हमीदभाईंकडे पावतीपुस्तक नव्हतं. मी माझ्या पुस्तकातलं कोरं पान दिलं.

हमीदभाई चहा घेऊन गेले, आणि हेडमास्तरांनी निकाल दिला: सगळं निम्मं निम्मं. माझं बिल मी तिथेच दुरुस्त केलं. पेटी केलीच नाही, तेव्हा तिचे दोन हजार चारशे वजा. राहिले सहा हजार सहाशे. निम्मे म्हणजे तेहतीसशे एकेकाचे. तुषारने तीन हजार आधी दिलेत, म्हणून गोविंदरावांकडून तीनशे यायचे आणि मुलीकडून तेहतीसशे. गोविंदरावांनी हे गणित स्वतः मोबाइलवर तपासलं, दोनदा, आणि मग तीनशे दिले.

मग फुलं वाटणं सुरू झालं. मी अनेक वाटण्या पाहिल्यात. विष्णुपुरीकडच्या एका शेताची वाटणी चार भावांनी दोरी धरून केली, तीही पाहिली आहे. पण वाळलेल्या गुलाबांची वाटणी मी पहिल्यांदाच बघितली, आणि माझ्या माहितीत ती नांदेड जिल्ह्यातली पहिली असावी. पंखा बंद, खिडक्या बंद, दोन्ही वडील धोतराच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसलेले आणि मध्ये हेडमास्तर हजेरी घेतल्यासारखे मोजतायत. एक इकडे, एक तिकडे. गोविंदराव मोठी फुलं निवडत होते. खिळे निवडून विकणारा माणूस, हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो. माणिकराव जे हाताला लागेल ते घेत होते आणि दर दहा झाले की एक रेघ मारत होते.

"हे दबलेलं हाय," गोविंदराव एक फूल परत ठेवत म्हणाले.

"मग मला द्या," माणिकराव म्हणाले.

"न्हाई न्हाई, राहू द्या. बघून राहिलो."

तुषारला एकदा शिंक आली, तेव्हा सगळे एकदम त्याच्यावर ओरडले. लग्नात इतक्या एकमताने दोन्ही घरं कधी बोलली नसतील.

त्र्याण्णव इकडे. त्र्याण्णव तिकडे. आणि मध्ये, पांढऱ्या धोतरावर, एक गुलाब उरला.

एकशे सत्त्याऐंशीला दोनाने भाग जात नाही, हे मला सकाळपासून माहीत होतं. पण दोन मोठी माणसं त्यावरून काही बोलतील, असं मला वाटलं नव्हतं. एकवीस वर्षं स्टोअरकीपर असूनही मला माणसांचा अंदाज आला नाही.

"हे आमच्याकडं," गोविंदराव म्हणाले.

"घ्या," माणिकराव लगेच म्हणाले.

गोविंदरावांचा हात थांबला. "घ्या म्हणजे? उपकार करून राहिले का? आमचं हाय म्हणून घेतो. तसं म्हणा."

"बरं, तुमचं आहे."

"लिहून द्या. हार आमचे होते, मुलीकडच्यांनी मान्य केलं. एवढी एक ओळ अर्जात घाला. उद्या कुणी म्हणायला नको की लग्न आमच्याकडून मोडलं."

हेडमास्तर म्हणाले, "गोविंदराव, एका फुलाचा आणि त्याचा काय संबंध?"

"संबंध हाय. ज्याच्याकडं जास्त, त्याचं खरं. मंगळवारी कोर्टात मी काय सांगू, दोघांचं बरोबर होतं म्हणून?"

माणिकरावांचा चेहरा उतरला. ही ओळ अर्जात घातली तर कागद पुन्हा टाइप करायचा, पुन्हा वकिलाला दाखवायचा, मंगळवार गेला, सुट्टी लागली, जून आला. हे त्यांना कळत होतं आणि गोविंदरावांनाही कळत होतं. हेडमास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. त्या क्षणी मला वाटलं, मी तेव्हा एक फूल जास्त सडकं ठरवलं असतं तर बरं झालं असतं. पण सडकं नसलेलं फूल सडकं मी लिहीत नाही.

ऋतुजा उठली. टेबलाशी आली आणि मला म्हणाली, "काका, हे तुमच्या वहीत कुणाच्या नावावर आहे?"

"अजून कुणाच्याच नाही."

तिने ते फूल उचललं, तळहातावर ठेवलं आणि मूठ मिटली. वाळलेला गुलाब मोडताना भाजलेल्या पापडासारखा आवाज होतो. तिने मूठ उघडली आणि चुरा चहाच्या रिकाम्या बशीत झटकला.

"सर, आता मोजा," ती हेडमास्तरांना म्हणाली.

हेडमास्तरांनी बशीकडे बघितलं. मग मास्तरांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "त्र्याण्णव. आणि त्र्याण्णव."

गोविंदरावांनी बशी पुढे ओढून बघितली. भांडणाची वस्तू बशीत होती आणि तिची वाटणी कुणाला जमणार नव्हती. त्यांनी आयुष्यभर लोखंड विकलं होतं, हातात चुरा होणारा माल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. "सही कर," ते मुलाला म्हणाले. तुषारने मोबाइल खिशात ठेवला आणि तीन ठिकाणी सही केली. मग ऋतुजाने केली. मग दोन्ही वडिलांनी साक्षीदार म्हणून. माझंच पेन होतं.

मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो की वाळलेल्या गुलाबाला वास राहत नाही. त्या दिवशी त्या बशीतून चांगला अर्धा तास गुलाबाचा वास येत होता. तेव्हापासून मी तसं सांगणं बंद केलंय.

मंगलने पंखा लावला. माणिकरावांनी पाकीट काढलं, पण ऋतुजाने आधीच मोबाइलवरून तेहतीसशे पाठवले होते. "पप्पा, हे माझं आहे," ती म्हणाली. गोविंदरावांनी आपले त्र्याण्णव मिठाईच्या खोक्यात भरून घेतले. मी म्हणालो, गाडीच्या काचेमागे ठेवू नका, उन्हाने रंग जाईल. त्यांनी खोका गाडीच्या काचेमागे ठेवला. आठ दिवसांनी तुषारचा फोन आला, "फुलं पांढरी पडलीत, गॅरंटी आहे ना?" मी म्हणालो, पावतीच्या मागे वाचा. तो म्हणाला, "कळवतो."

ऋतुजा आपला खोका न घेताच उठली. मी हाक मारली, तर दारातून म्हणाली, "काका, तुमच्याकडेच राहू द्या. विकून टाका. कुणाला तरी उपयोगी पडतील."

मंगळवारी अर्ज दाखल झाला आणि सोनं परत मिळालं, अकरा तोळे. हे हेडमास्तरांनी फोन करून सांगितलं. वजन त्यांनी स्वतः सराफाकडे करून घेतलं होतं, हे ऐकून मला बरं वाटलं.

तेव्हापासून लग्नाचे हार आले की मी दोन पावत्या फाडतो, दोन चिठ्ठ्या लावतो, दोन वेगळ्या डब्यांत वाळवतो. नव्या नवऱ्या मुली याने दुखावतात. एकीने विचारलं, "काका, असं का? आम्ही काय वेगळे होणार आहोत का?" मी सांगितलं, डब्यांची सोय म्हणून. मंगल म्हणते, "तुम्ही फुलं कमी आणि घटस्फोट जास्त वाळवायला लागलात." तिचं चुकत नाही. पण मला आणखी एक वाटतं, ते मी तिलाही सांगितलेलं नाही. मी ते गुलाब मिसळले नसते, तर त्या दिवशी हार वेगवेगळे निघाले असते, आणि गोविंदरावांनी एकेका हाराचा हट्ट धरून तीन महिने आणखी काढले असते. चूक ती चूकच. माझ्या चुकीने कुणाचं भलं झालं म्हणून ती वहीत जमेच्या बाजूला जात नाही.

ऑगस्टमध्ये लातूरची एक बाई आली, राख्या आणि शुभेच्छापत्रं बनवणारी. तिने ऋतुजाचे सगळे गुलाब घेतले, सहा रुपये नगाने. तिने दर कमी करायला सांगितला, मी केला नाही. संध्याकाळी वही काढली आणि नोंद केली: त्र्याण्णव गुलाबांचे पाचशे अठ्ठावन्न. बशीतल्या गुलाबाची नोंद अजून झालेली नव्हती. तो गोविंदरावांचा नव्हता, माझा तर नव्हताच. ज्याने सगळे एकत्र केले आणि दोन चिठ्ठ्या लावल्या नाहीत, त्याने त्याची किंमत भरायला हवी.

खाली लिहिलं: एक गुलाब, चूक माझी, सहा रुपये, माझ्या खिशातून. एकूण पाचशे चौसष्ट. ऋतुजाला, पुणे. दिले.